डॉकर आले, आता सुकाणू हाती घ्या
कंटेनर चालवता येणाऱ्या मुलामुलींसाठी कुबरनेटिसची घरबसल्या तयारी

कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत आता एक तरी मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. कुणी शाहूपुरीतल्या छोट्या कंपनीत आहे, कुणी पुण्याच्या कंपनीचे काम घरी बसून करते. त्यांतल्या अनेकांना डॉकर येते. म्हणजे आपला प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट, एका डब्यात बंद करून कुठल्याही यंत्रावर चालवता येतो. पण नोकरीच्या जाहिराती उघडल्या की डॉकरच्या शेजारी आणखी एक शब्द दिसतो : कुबरनेटिस. मग घरात बोलणे सुरू होते. क्लास लावायचा का? त्यासाठी पुण्यात खोली घ्यायची का? फी भरायला अब्बांनी कर्ज काढायचे का? आणि मुलगी असेल तर, तिला पाठवायचे का?

वाचकहो, ज्याला डॉकर नीट येते त्याला कुबरनेटिस घरी, एका लॅपटॉपवर, पैसे न मोजता शिकता येते. पण ते नव्या आज्ञा पाठ करून येत नाही. त्यासाठी कामाकडे बघण्याची सवय बदलावी लागते. ही सवय ज्याला समजली त्याचे अर्धे काम झाले. जिला समजली नाही ती महागडा क्लास करूनही अडते.

मी संगणकाची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने हा विषय घरी बसून शिकायला घेतला, तेव्हा मी शेजारी बसून प्रश्न विचारत गेले. बी. एड. ला आम्हाला एक सूत्र शिकवले होते : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. याच सूत्राने हा लेख लिहिते आहे.

शब्द आपलाच आहे

आधी नावाची भीती घालवू. कंटेनर हा शब्द बंदरातून आला. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले आणि मालवाहतुकीची तऱ्हाच बदलली. आत काय आहे याच्याशी जहाजाला देणेघेणे नाही. डब्याचे माप ठरलेले, म्हणून क्रेन, ट्रक, रेल्वे सगळ्यांना तो उचलता येतो. आपल्याकडचे न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले तेही याच डब्यांसाठी. २०१३ मध्ये डॉकर आले आणि तीच कल्पना प्रोग्रामला लागू झाली.

पण हजार डबे झाले की ते कुठल्या जहाजावर ठेवायचे, एखादे जहाज बुडाले तर काय करायचे, हे कुणी तरी ठरवावे लागते. गूगल कंपनी हे काम आपल्या घरात 'बोर्ग' नावाच्या यंत्रणेने करत होती. त्या अनुभवातून २०१४ मध्ये कुबरनेटिस सर्वांसाठी खुले झाले आणि जुलै २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याच्या चिन्हातही जहाजाचे चाक आहे.

उर्दूत जहाजाच्या मालकाला, कप्तानाला नाखुदा म्हणतात. आपल्या कोकणातला नाखवा तोच. आणि मराठीतला 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. तेव्हा कुबरनेटिस हा शब्द परका वाटला तरी त्याचा अर्थ आपल्या भाषेत शतकानुशतके आहे. अनेक कंटेनर अनेक यंत्रांवर सांभाळण्याच्या या कामाला ऑर्केस्ट्रेशन म्हणतात.

डॉकर कुठे थांबते?

एक नमुना घेऊ. समजा, तुम्ही मोहल्ल्यासाठी सेहरी-इफ्तारच्या वेळा दाखवणारी छोटी वेबसाइट बनवली. एक कंटेनर वेबसाइटचा, एक माहितीसाठ्याचा. डॉकर कंपोजच्या एका फाइलने दोन्ही एका सर्व्हरवर चालतात. वर्षभर काही अडचण नाही.

रमजान आला. मगरिबच्या आधीच्या अर्ध्या तासात सगळे एकदम ती वेबसाइट उघडतात. चांदरातीला तर विचारूच नका. अशा वेळी चार प्रश्न उभे राहतात. एकाच वेबसाइटच्या पाच प्रती कशा चालवायच्या आणि येणारे लोक त्यांच्यात कसे वाटायचे? रात्री तीन वाजता सर्व्हरच बंद पडला तर? वेळेत दुरुस्ती करून नवी आवृत्ती टाकायची आहे, पण वेबसाइट एक मिनिटही थांबू नये, हे कसे? आणि गर्दी ओसरल्यावर जादा प्रती काढायच्या कुणी?

एका यंत्रापुरते डॉकर पुरते. कंटेनर कोसळला तर तो परत सुरू करण्याची सोय त्यात आहे. पण यंत्रच गेले तर तो कंटेनर दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे काम साधे डॉकर किंवा कंपोज करत नाही. कुबरनेटिसचे काम इथून सुरू होते.

राधानगरीचे दरवाजे

आता मुख्य मुद्दा. डॉकरमध्ये आपण हुकूम देतो : हा कंटेनर चालू कर, तो बंद कर. कुबरनेटिसमध्ये आपण हुकूम देत नाही, अपेक्षा लिहून ठेवतो : 'या वेबसाइटच्या तीन प्रती असाव्यात.' बस. त्या कशा, कुठे, कधी सुरू करायच्या हे यंत्रणा बघते.

कोल्हापूरकरांना हे समजायला राधानगरी धरण पुरेसे आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. रात्री दोन वाजता कुणी तिथे जाऊन चाक फिरवत नाही. पातळी एकदा ठरवली, पुढचे दरवाजा बघतो.

कुबरनेटिसच्या आत असे अनेक पहारेकरी सतत एकच काम करत असतात. लिहून ठेवलेले काय आहे ते बघायचे, प्रत्यक्षात काय आहे ते बघायचे, फरक दिसला तर तो मिटवायचा. तीन प्रती लिहिल्या आहेत, दोनच दिसतात. एक नवी सुरू कर. चार दिसतात, एक काढ. हे चक्र थांबत नाही. लिहिलेली अपेक्षा 'एटसीडी' नावाच्या साठ्यात राहते, नवी प्रत कुठल्या यंत्रावर ठेवायची हे 'शेड्युलर' ठरवतो, आणि प्रत्येक यंत्रावरचा 'क्युबलेट' ती तिथे चालवतो.

डॉकरची सवय असलेली मुले इथे अडखळतात. ती एक प्रत हाताने पुसतात आणि क्षणात दुसरी उभी राहिलेली बघून वैतागतात. बंद करायची तर अपेक्षा बदलावी लागते : तीनच्या जागी शून्य लिहा. हे एकदा पटले की पुढचे सगळे सोपे जाते.

जुन्या ओळखीतून नवी नावे

नव्या शब्दांची यादी मोठी आहे, पण सुरुवातीला पाच-सहा पुरतात, आणि प्रत्येकाचा जुना नातेवाईक डॉकरमध्ये आहे.

पॉड : कुबरनेटिस कंटेनरला थेट हात लावत नाही, त्याला पॉड नावाच्या वेष्टनात ठेवते. बहुतेक वेळा एका पॉडमध्ये एकच कंटेनर असतो. दोन ठेवले तर ते एकाच घरातल्या माणसांसारखे. दोघांचा पत्ता एक. पॉड गेला की गेला. त्याच्या जागी येणारा नवा असतो आणि त्याचा पत्ताही नवा असतो.

डिप्लॉयमेंट : कुठली इमेज, किती प्रती, ही अपेक्षा इथे लिहायची. पॉड आपण हाताने बनवायचे नसतात, डिप्लॉयमेंटकडून बनवून घ्यायचे. नवी आवृत्ती टाकली की ते जुने पॉड एकदम मारत नाही. नवे थोडे उभे करते, ते तयार झाले की जुने थोडे काढते. बिघडले तर एका आज्ञेने मागच्या आवृत्तीवर परतता येते.

सर्व्हिस : पॉडचे पत्ते बदलत राहतात, म्हणून त्यांच्यापुढे एक कायमचे नाव लागते. कंपोजमध्ये एक कंटेनर दुसऱ्याला नावाने हाक मारतो, तेच काम इथे सर्व्हिस करते आणि येणारे काम सगळ्या प्रतींत वाटते. कुठले पॉड आपले हे ती त्यांच्यावरच्या लेबलवरून ओळखते.

कॉन्फिगमॅप आणि सीक्रेट : डॉकरमध्ये ज्या गोष्टी एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवत होतो त्या इथे. एक सावधगिरी : सीक्रेट या नावावर भाळू नका. त्यातला मजकूर फक्त बेस-६४ या लिपीत बदललेला असतो. कुणीही तो उलटा वाचू शकतो. ती फाइल गिटवर टाकायची नाही.

व्हॉल्यूमचीही पुढची पायरी आहे, पण माहितीसाठा कुबरनेटिसवर चालवण्याची घाई पहिल्या महिन्यात करू नये. तो विषय वेगळा आणि अवघड आहे.

लॅपटॉपवरची प्रयोगशाळा

शिकण्यासाठी क्लाउडवर खाते उघडायची गरज नाही. तिथे यंत्रे चालू राहिली की तासाप्रमाणे बिल चढते, आणि ते अब्बांच्या कार्डावर येते. त्याऐवजी मिनिक्यूब घ्या. त्याला दोन सीपीयू, दोन जीबी मोकळी मेमरी आणि वीस जीबी मोकळी जागा लागते. प्रत्यक्षात आठ जीबीचा लॅपटॉप असला तर बरे पडते. दुसरा पर्याय 'काइंड'. त्यात कुबरनेटिसची यंत्रेच डॉकर कंटेनर म्हणून उभी राहतात, त्यामुळे डॉकर येणाऱ्याला ते लगेच ओळखीचे वाटते आणि एका लॅपटॉपवर तीन यंत्रांचा समूह बनवता येतो. दोन्ही फुकट आहेत.

पहिली ठेच बहुतेकांना एकाच जागी लागते. तुम्ही डॉकरने इमेज बनवली, ती तुमच्या लॅपटॉपवर आहे, तरी पॉड म्हणतो की इमेज मिळत नाही. कारण समूहाची यंत्रे वेगळी आहेत. तुमच्या लॅपटॉपवरचे डॉकरचे कपाट त्यांना दिसत नाही. इमेज आधी त्यांच्यात भरावी लागते. मिनिक्यूब आणि काइंड दोघांतही त्यासाठी आज्ञा आहे. आणि इमेजला 'लेटेस्ट' असे नाव देऊ नका. ते नाव दिसले की कुबरनेटिस प्रत्येक वेळी बाहेरून इमेज आणायला धावते. 'एक-पॉइंट-शून्य' असा स्पष्ट क्रमांक द्या.

मोडा म्हणजे समजेल

आता शिक्षिकेचा सल्ला. व्हिडिओ बघून हे येत नाही. पोहायला रंकाळ्याच्या काठावर बसून कुणी शिकले नाही. आपली वेबसाइट तीन प्रतींत उभी करा आणि मग ती मुद्दाम मोडा. दर वेळी 'डिस्क्राइब', 'लॉग्ज' आणि 'इव्हेंट्स' या तीन आज्ञांनी कारण शोधा.

१. एक पॉड पुसा आणि नवा किती वेळात उभा राहतो ते बघा.

२. इमेजचा क्रमांक चुकवा. नवा पॉड अडकतो, पण जुने चालूच राहतात. वेबसाइट बंद पडत नाही. मग मागच्या आवृत्तीवर परत या.

३. मेमरीची मर्यादा फार कमी द्या. कंटेनर मारला जातो आणि कारणाच्या जागी 'ओओएम किल्ड' दिसते.

४. सर्व्हिसमधले लेबल एका अक्षराने चुकवा. सगळे पॉड ठणठणीत दिसतात, पण वेबसाइट उघडत नाही, कारण सर्व्हिसच्या यादीत एकही पॉड नाही. नोकरीत ही चूक सगळ्यांनाच कधी ना कधी भेटते.

५. तब्येत तपासणाऱ्या प्रोबपैकी दोन इथे बघा. 'लाइव्हनेस' नापास झाला तर कंटेनर परत सुरू केला जातो. 'रेडिनेस' नापास झाला तर तो चालू राहतो, पण त्याच्याकडे काम पाठवले जात नाही. दोन्हींचा रस्ता आळीपाळीने चुकवा आणि फरक डोळ्यांनी बघा. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

६. पॉड बंद करताना कुबरनेटिस आधी कंटेनरला निरोप देते आणि साधारण तीस सेकंद थांबते. मग सक्तीने बंद करते. तुमचा प्रोग्राम तो निरोप ऐकून हातातले काम पुरे करतो का, ते तपासा. हे काम यंत्रणेचे नाही, तुमचे आहे.

शेवटी गर्दीचा प्रयोग. 'एचपीए' नावाची सोय सीपीयूवरचा ताण बघून प्रती वाढवते. त्यासाठी मेट्रिक्स सर्व्हर लागतो आणि डिप्लॉयमेंटमध्ये सीपीयूची मागणी लिहिलेली असावी लागते. ती नसेल तर सोय मुकाट बसून राहते. पण ताण वाढल्याचे दिसणे, मग प्रत उभी राहणे, यात वेळ जातो. मगरिबची वेळ तर आधीच ठाऊक आहे! मग अर्धा तास आधीच प्रती वाढवून ठेवणे शहाणपणाचे. जुलै २०१९ मध्ये भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी अडीच कोटींहून अधिक प्रेक्षक होते. अशा सामन्यांसाठीही यंत्रे आधीच वाढवून ठेवलेली असतात. गर्दीची वेळ माहीत असणे ही मोठी शिदोरी आहे.

तुमच्या पाठ्यपुस्तकामागेही हेच

हे सगळे परदेशी कंपन्यांचे काम, असे वाटत असेल तर बालभारतीचे पुस्तक उघडा, मराठी असो वा उर्दू. त्यातला क्यूआर कोड मुलांना आणि शिक्षकांना 'दीक्षा'वर नेतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यात पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामाचा मोठा वाटा होता.

दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, सुरू झाली. तिच्या मुळाशी 'सनबर्ड' ही एकस्टेप फाउंडेशनने बनवलेली यंत्रणा आहे, आणि तिचा कोड खुला आहे. वापरकर्त्यांची नोंद एका सेवेकडे, पाठ शोधणे दुसरीकडे, अशी ती लहान लहान सेवांत विभागलेली आहे. त्या कंटेनरमध्ये चालतात. आधी सनबर्डची मांडणी डॉकर स्वॉर्म या सोप्या ऑर्केस्ट्रेशनवर होती, पुढे ती कुबरनेटिसवर नेली गेली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मुले मोबाइलवर आली आणि 'निष्ठा' प्रशिक्षणाचे वर्गही दीक्षावर सुरू झाले. आम्ही शिक्षक रात्री घरकाम आटोपून ते करत होतो.

शिकणाऱ्यांसाठी यात एक खजिना आहे. सनबर्डच्या खुल्या कोडमध्ये कुबरनेटिसवर ती कशी उभारायची याच्या फाइली कुणालाही वाचता येतात. आपले डिप्लॉयमेंट जमले की त्या फाइली उघडा. देशभरच्या शाळांसाठी बनलेल्या यंत्रणेत प्रोब कसे लिहिले आहेत, मर्यादा किती दिल्या आहेत, हे बघणे म्हणजे उस्तादाच्या शेजारी बसून काम बघणे.

गरज कधी नाही, हेही शिका

लक्ष्मीपुरीतल्या दुकानाची वेबसाइट एका सर्व्हरवर कंपोजने सुखाने चालत असेल तर तिला कुबरनेटिस लावू नये. यंत्रणा सांभाळायला वेळ आणि पैसा लागतो. हुनर असणे आणि तो जागा बघून वापरणे, दोन्ही हवे. मुलाखतीत 'इथे गरज नाही' असे कारणासह सांगणारा उमेदवार जास्त पक्का वाटतो.

प्रमाणपत्र हवेच असेल तर सीकेएडी ही परीक्षा प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे. दोन तासांत प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवायचे असते, पाठांतराचे पर्याय नसतात. ६६ टक्के मिळाले की पास. परीक्षेत अधिकृत माहितीपुस्तिका उघडायला परवानगी असते. म्हणून शिकतानाही तीच पुस्तिका वाचायची सवय ठेवा. इंग्रजी अवघड वाटले तर रोज एक पान, मोठ्याने वाचून, घरातल्या कुणाला तरी आपल्या बोलीत समजावून सांगायचे. सांगता आले तर समजले.

माझ्या विद्यार्थिनीने नोकरी सांभाळून, रोज फजरनंतर एक तास देऊन, तीन महिन्यांत इतके केले. तिला घर सोडावे लागले नाही, कर्जही काढावे लागले नाही. घरच्यांनी तिला तो एक तास मात्र कुणालाही मोडू दिला नाही. मुलींच्या बाबतीत फीपेक्षा हा तास मिळणे अवघड असते, हे आपण सगळ्या जाणतो.

आई-वडिलांना शेवटी एवढेच सांगते. मुलाने किंवा मुलीने शिकल्याचे सांगितले की प्रमाणपत्राआधी एक गोष्ट मागा. वेबसाइट मोबाइलवर उघडायला लावा, मग म्हणा, 'यातली एक प्रत माझ्यासमोर बंद पाड.' तुम्ही पान परत परत उघडा. ते उघडत राहिले, आणि लेकराला ते का उघडत राहिले हे तुम्हाला समजेल असे सांगता आले, तर खात्री बाळगा : सुकाणू त्याच्या हाती आले आहे.